टायरची साखळी आणि फोर-व्हील ड्राइव्ह मालमोटार : हिमाच्छादित घाटरस्त्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

बर्फाच्छादित रस्त्यावर वाहन चालविण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात दोन शोध पुढे आले. एक म्हणजे टायरभोवती बसविण्याची लोखंडी साखळी आणि दुसरा म्हणजे इंजिनाची शक्ती चारही चाकांपर्यंत पोहोचविणारी फोर-व्हील ड्राइव्ह रचना. पुढील काळात हे दोन्ही शोध परस्परांचे पर्याय मानले जाऊ लागले. वस्तुतः त्यांची कार्ये भिन्न आहेत. प्रस्तुत निबंधात या दोन शोधांचा उगम, त्यांची वाटचाल, अमेरिकेतील डॉनर खिंड व जपानमधील महामार्ग येथील नियम आणि भारतीय हिमालयातील घाटरस्ते यांचा तौलनिक विचार केला असून, साखळी आणि फोर-व्हील ड्राइव्ह यांना एकमेकांचा पर्याय मानण्याची प्रथा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : टायरची साखळी, फोर-व्हील ड्राइव्ह, घर्षण, डॉनर खिंड, झोजिला, रोहतांग, सीमा सडक संघटना.

प्रस्तावना

दळणवळणाच्या इतिहासात रस्ते, पूल, बोगदे व इंजिने यांची नोंद विस्ताराने घेतली जाते. त्या तुलनेत लहानसहान साधनांकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते. मात्र पुष्कळदा मोठ्या व्यवस्थेचा भार अशा एखाद्या लहान साधनावरच उभा असतो. हिवाळ्यात डोंगरी रस्ता चालू ठेवण्याच्या कामी टायरच्या साखळीचे स्थान असेच आहे.

महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नसल्याने हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटण्याचा संभव आहे. मराठी व्यवहारभाषेत आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम, चाकांखाली दाबून टणक झालेला थर आणि डांबरावर गोठलेला पाण्याचा पारदर्शक पापुद्रा या तिन्हींना आपण सरसकट 'बर्फ' असेच म्हणतो. वाहनचालकाच्या दृष्टीने मात्र या तीन वेगळ्या भूमी आहेत. असे असले तरी साखळीमागील तत्त्व मराठी शेतकऱ्याला अपरिचित नाही. कोकणात भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी केज व्हील लावतात, कारण चिखलात रबरी टायर जागच्या जागी फिरत राहतो. इंजिनात शक्ती असते. परंतु ती जमिनीपर्यंत पोहोचत नाही. बर्फावरील मालमोटारीची अडचण नेमकी हीच आहे.

आज सैन्यदलाच्या व सीमा सडक संघटनेच्या सेवेत असलेले मराठी जवान हिमालयातील रस्त्यांवर वावरतात आणि दरवर्षी महाराष्ट्रातून असंख्य पर्यटक स्वतःच्या वाहनाने मनाली, काश्मीर व लडाखकडे जातात. सपाटीवर वाहन चालविण्याची सवय असलेल्या माणसाची बर्फाशी पहिली गाठ तेथेच पडते. त्यामुळे हा विषय केवळ तांत्रिक कुतूहलाचा राहिलेला नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. टायरची साखळी व फोर-व्हील ड्राइव्ह या दोन शोधांचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२. बर्फावरील वाहतुकीत या दोहोंच्या कार्याचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.
३. विविध देशांतील हिवाळी वाहतूक नियमांची वाटचाल पाहून भारतीय हिमालयातील प्रथेचा विचार करणे.

साखळीचा जन्म

मोटारगाडी नवी असताना रस्ते घोडागाडीचेच होते. पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात बर्फ यांमुळे रबरी टायरची गाडी जागेवरच अडकून पडे. अशा वेळी चालक टायरभोवती दोरखंड गुंडाळून वेळ निभावून नेत. या तात्पुरत्या उपायाला पक्के रूप देण्याचे श्रेय अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा या गावच्या हॅरी वीड यांच्याकडे जाते. त्यांच्या साधनाला २३ ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेचे ७६८४९५ क्रमांकाचे पेटंट मिळाले. पेटंटमध्ये त्यांनी साखळी हा शब्द शीर्षकात न वापरता हवेच्या टायरसाठी पकड देणारा पृष्ठभाग, अशा आशयाचे नाव दिले. शोधाचे मर्म त्या नावातच आहे.

साखळीची रचना अत्यंत साधी आहे. टायरच्या आतील व बाहेरील अंगाने दोन लांब साखळ्या वर्तुळाकार बसतात आणि त्यांना जोडणाऱ्या अनेक आडव्या साखळ्या टायरच्या पृष्ठभागावरून जातात. चाक फिरू लागले की प्रत्येक आडवी साखळी क्रमाक्रमाने जमिनीला टेकते. वाहनाचे वजन रुंद रबरावर पसरण्याऐवजी लोखंडाच्या अरुंद कड्यांवर एकवटते; त्या दाबामुळे कड्या बर्फात रुततात आणि चाकाला टेकू मिळतो. साखळी टायरला घट्ट जखडलेली नसते, ती किंचित सरकत राहते. त्यामुळे रबराची झीज एकाच जागी होत नाही. शंभराहून अधिक वर्षे लोटली, धातू बदलले, आडव्या साखळ्यांऐवजी चौकटीची जाळी आली, बसविण्याची पद्धत सोपी झाली; तरी मूळ कल्पना वीड यांचीच राहिली आहे.

चारही चाकांना शक्ती

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींत इंजिनाची शक्ती केवळ मागील दोन चाकांना मिळत असे. पुढची चाके वळविण्याच्या कामी असल्याने त्यांना शक्ती पुरविणे यांत्रिकदृष्ट्या अवघड होते. १९०३ मध्ये नेदरलँड्समधील स्पायकर या कंपनीने चारही चाकांना शक्ती देणारी पेट्रोल मोटार तयार केली. परंतु ती शर्यतीची गाडी होती. मालवाहतुकीच्या दृष्टीने महत्त्वाचे काम अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या क्लिंटनव्हिल या छोट्या गावी झाले. तेथील यंत्रकार ऑटो झाखो व त्यांचे मेहुणे विल्यम बेसरडिच यांनी पुढचे चाक वळत असतानाही त्याला शक्ती मिळत राहील असा सांधा तयार केला आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. यातूनच पुढे फोर-व्हील ड्राइव्ह ऑटो कंपनी उभी राहिली.

१९१२ मध्ये अमेरिकन लष्कराने मालमोटारींची लांब पल्ल्याची चाचणी घेतली. वॉशिंग्टनहून अटलांटामार्गे इंडियाना राज्यापर्यंतच्या त्या कच्च्या व चिखलमय वाटेवर क्लिंटनव्हिलच्या मालमोटारीने आपली योग्यता सिद्ध केली. पुढील वर्षी, म्हणजे १९१३ मध्ये, केनोशा येथील जेफरी कंपनीने 'क्वाड' ही मालमोटार आणली. तिच्या चारही चाकांना शक्ती होती, चारही चाकांना ब्रेक होते आणि चारही चाके वळत असत. १९१६ मध्ये जनरल पर्शिंग यांच्या मेक्सिकोतील मोहिमेत या मालमोटारी वापरल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात या दोन्ही प्रकारच्या हजारो मालमोटारी मित्रराष्ट्रांच्या सैन्याला पुरविण्यात आल्या. युरोपातील चिखलाने भरलेल्या रणभूमीने फोर-व्हील ड्राइव्हची उपयुक्तता जगाला पटवून दिली.

युद्धकालीन हिवाळा आणि खुला रस्ता

साखळी व फोर-व्हील ड्राइव्ह हे दोन शोध एकाच रस्त्यावर यावेत, यासाठी हिवाळ्यातही रस्ता खुला असला पाहिजे ही कल्पना आधी रुजणे आवश्यक होते. पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा म्हणजे मोटार बंद ठेवण्याचा ऋतू, अशीच सर्वसाधारण समजूत होती. बर्फावरून घसरगाड्या चालत आणि बर्फ बाजूला काढण्याऐवजी तो दाबून सपाट करण्याकडे कल असे.

डिसेंबर १९१७ मध्ये ही समजूत बदलण्यास आरंभ झाला. युद्धसामग्रीमुळे रेल्वेमार्ग तुंबले होते आणि फ्रान्सला पाठवावयाच्या मालमोटारी कारखान्यांतच अडकल्या होत्या. तेव्हा त्या मालमोटारी त्यांच्याच चाकांवर अटलांटिक किनाऱ्यावरील बंदरांकडे पाठविण्याचे ठरले. ३० पॅकार्ड मालमोटारींचा पहिला तांडा ओहायो राज्यातील टोलेडोहून बाल्टिमोरकडे निघाला. वाटेत ॲलेगनी पर्वताची रांग होती आणि कडाक्याचा हिवाळा होता. पेनसिल्व्हेनियाच्या रस्ते खात्याने माणसे व यंत्रे लावून मार्ग मोकळा ठेवला. या अनुभवाने हिवाळ्यातही रस्ता चालू ठेवणे शक्य आहे, हे सिद्ध झाले.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारने अतिरिक्त ठरलेल्या लष्करी मालमोटारी राज्यांच्या रस्ते खात्यांना दिल्या. रस्ते बांधणीबरोबरच बर्फ हटविण्याच्या कामीही त्या जुंपल्या गेल्या. पुढे लोखंडी नांगर, चारही चाकांना शक्ती आणि चाकांना साखळी, असे हे रूप १९२० च्या दशकात हिमप्रदेशात परिचित झाले. रस्ता उघडणाऱ्या यंत्राने या दोन्ही शोधांचा एकत्र स्वीकार केला होता, ही बाब लक्षणीय आहे.

शक्ती आणि पकड : कार्यातील भेद

या ठिकाणी दोन्ही साधनांच्या कार्यातील भेद स्पष्ट करणे अगत्याचे ठरते. वाहन पुढे जाण्यासाठी वा थांबण्यासाठी लागणारा जोर अखेरीस टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातूनच मिळतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण गुणांक सर्वसाधारणपणे ०.७ च्या आसपास असतो. दाबून टणक झालेल्या बर्फावर तो ०.२ पर्यंत आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर ०.१ पर्यंत खाली येतो. तापमान शून्य अंशाच्या जवळ असताना बर्फावर पाण्याचा सूक्ष्म थर तयार होत असल्याने घसरण अधिकच वाढते.

१० मीटर अंतरात १ मीटर उंची गाठणारा चढ विचारात घेऊ. असा चढ चढण्यासाठी वाहनाच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका जोर लागतो. रिकाम्या मालमोटारीच्या मागील चाकांवर एकूण वजनाच्या ४० टक्के भार असेल आणि शक्ती केवळ मागील चाकांना असेल, तर दाबलेल्या बर्फावर तिला वजनाच्या जेमतेम ८ टक्के जोर लावता येईल. ती चढणार नाही. तीच मालमोटार फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर संपूर्ण वजन उपयोगी पडून २० टक्के जोर मिळेल आणि ती चढ सहज पार करील. फोर-व्हील ड्राइव्हचा लाभ खरा आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

आता तीच मालमोटार त्याच घाटाची दुसरी बाजू उतरू लागते. ब्रेक तर प्रत्येक वाहनाच्या सर्वच चाकांना असतात. तेथे फोर-व्हील ड्राइव्हमुळे घर्षणात कोणतीही भर पडत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेले वाहन सपाट कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. सपाट जागी दाबलेल्या बर्फावर हे अंतर सुमारे ३१ मीटर होते. वर सांगितलेल्या उतारावर निम्मे घर्षण वजनाला आवरण्यातच खर्च होत असल्याने ते सुमारे ६३ मीटरवर जाते. आणि घर्षण गुणांक ०.१ असलेल्या गोठलेल्या थरावर, त्याच उतारावर, वाहन थांबतच नाही. चालकाने ब्रेक कितीही दाबला, तरी चाके जाम होऊन वाहन घसरत राहते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा अवरोध चारही चाकांवर विभागला जातो, एवढा लाभ फोर-व्हील ड्राइव्हचा उतारावर होतो. परंतु तो अवरोधही पकडीच्या मर्यादेतच काम करतो.

यावरून असे दिसते की, फोर-व्हील ड्राइव्ह उपलब्ध पकडीचा पुरेपूर उपयोग करून देते, तर साखळी ती पकडच वाढविते. एकाने चढ साधतो. चढ, वळण व उतार या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडणारे साधन दुसरे आहे. धोका असा की, सहज चढलेला घाट चालकाच्या मनात विश्वास निर्माण करतो आणि त्या विश्वासाची परीक्षा उतारावर होते.

साखळी कोणत्या चाकांना लावावी, हा प्रश्नही याच विवेचनाशी निगडित आहे. केवळ मागील चाकांना साखळी असल्यास वाहन पुढे रेटले जाते, मात्र वळणावर पुढची चाके घसरू शकतात. केवळ पुढील चाकांना असल्यास उतारावर ब्रेक लावताच मागील भाग बाजूला फेकला जाण्याचा संभव असतो. म्हणून तीव्र घाटात फोर-व्हील ड्राइव्ह मालमोटारीच्या चारही चाकांना साखळ्या लावणे श्रेयस्कर मानले जाते. एकच जोडी असल्यास वाहन बनविणाऱ्याची सूचना पाळावी लागते. साखळी बसविल्यावर थोडे अंतर जाऊन ती पुन्हा आवळावी लागते, वेग ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो आणि मोकळा डांबरी रस्ता लागताच ती काढावी लागते. अन्यथा साखळी तुटते आणि टायर व रस्ता या दोहोंचे नुकसान होते. हे काम थंडीत, ओल्या हातांनी, रस्त्याच्या कडेला वाकून करावे लागते. साखळी टाळण्याकडे चालकांचा कल का असतो, याचे उत्तर येथे सापडते.

डॉनर खिंड : नियमाचा इतिहास

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सिएरा नेव्हाडा पर्वतात सुमारे २,१५० मीटर उंचीवर डॉनर खिंड आहे. १८४६ च्या हिवाळ्यात बैलगाड्यांनी पश्चिमेकडे निघालेला स्थलांतरितांचा तांडा या खिंडीच्या अलीकडे बर्फात अडकला. त्यातील ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे मृत्युमुखी पडले. त्यांच्याच एका कुटुंबाचे नाव खिंडीला मिळाले. १८६० च्या दशकात हजारो चिनी मजुरांच्या श्रमातून येथे रेल्वेमार्ग झाला. १९१३ मध्ये आखलेला लिंकन महामार्ग याच खिंडीतून गेला आणि १९३० च्या दशकात हिवाळ्यातही हा रस्ता चालू ठेवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

जानेवारी १९५२ मध्ये 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही आगगाडी खिंडीच्या पश्चिमेस हिमवादळात अडकली. गाडीतील २२६ माणसे सुमारे तीन दिवस तेथेच होती. शेवटी त्यांची सुटका झाली ती जवळच्या महामार्गाचा पट्टा बर्फ हटवून मोकळा केल्यामुळे. प्रवासी पायी त्या रस्त्यापर्यंत आले आणि तेथून मोटारींनी त्यांना हलविण्यात आले. रेल्वेच्या प्रवाशांना रस्त्याने वाचविले, ही घटना हिवाळी रस्त्याचे सार्वजनिक मोल सांगण्यास पुरेशी आहे. १९६४ मध्ये येथून आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८० पूर्ण झाला आणि वाहतूक अनेक पटींनी वाढली.

वाहतूक वाढली तशी नियमांची गरज निर्माण झाली. कॅलिफोर्नियात साखळीविषयक निर्बंधाच्या तीन पायऱ्या आहेत. आर-१ या पहिल्या पायरीत साखळी किंवा हिमटायर आवश्यक असतात. आर-२ या दुसऱ्या पायरीत सर्व वाहनांना साखळी लावावी लागते. मात्र चारही चाकांना हिमटायर असलेल्या हलक्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांना सवलत असते. आर-३ या तिसऱ्या पायरीत कोणत्याही वाहनाला अपवाद नाही. विशेष म्हणजे, सवलत मिळालेल्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनालाही साखळ्या सोबत बाळगाव्याच लागतात. निर्बंध चालू असताना वेगमर्यादा ताशी २५ ते ३० मैल, म्हणजे सुमारे ४० ते ५० किलोमीटर असते. साखळी लावण्यासाठी रस्त्याकडेला जागा राखलेल्या असतात आणि मोबदला घेऊन साखळी बसवून देणारे परवानाधारक कामगारही तेथे असतात.

या नियमाची रचना अभ्यासनीय आहे. त्यात फोर-व्हील ड्राइव्हचे मोल मान्य केले आहे, पण ते हिमटायरच्या अटीवर. आणि परिस्थिती बिकट झाल्यास सर्व सवलती संपतात. थोडक्यात, नियमकर्त्यांनी दोन साधनांना समान मानलेले नाही. त्यांची उतरंड लावली आहे.

पर्यायांचा शोध आणि जपानचा अनुभव

साखळीचा त्रास टाळण्यासाठी निरनिराळे पर्याय शोधले गेले. १९३४ मध्ये फिनलंडमधील रबर कारखान्याने मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार केला. पुढे टायरमध्ये धातूचे खिळे बसविण्याची पद्धत उत्तर युरोपात व इतरत्र पसरली. खिळ्यांनी पकड मिळाली, पण मोकळ्या रस्त्याचे डांबरही उखडू लागले. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये खिळ्यांच्या टायरवर बंदी घातली. जपानमध्ये उखडलेल्या रस्त्याची धूळ आरोग्यास घातक ठरू लागल्याने १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला आणि खिळे नसलेल्या हिवाळी टायरचा प्रसार झाला.

जपानचा पुढील अनुभव अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये फुकुई परगण्यात राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ वर सुमारे दीड हजार वाहने बर्फात अडकली. चांगले हिवाळी टायर सर्रास वापरणाऱ्या देशात हे घडले. एक अवजड वाहन चढावर अडले की त्यामागील सर्व वाहने थांबतात आणि थांबलेल्या वाहनांभोवती बर्फ साचत जातो. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये जपान सरकारने १३ निवडक रस्तापट्ट्यांसाठी नियम केला. असाधारण हिमवर्षावाच्या वेळी तेथे साखळी लावलेल्या वाहनांनाच प्रवेश मिळतो. हिवाळी टायर असलेली वा फोर-व्हील ड्राइव्ह वाहनेही यातून वगळलेली नाहीत. अत्याधुनिक टायर बनविणारा देश ११४ वर्षांपूर्वीच्या शोधाकडे परतला, ही घटना या इतिहासातील महत्त्वाची मानावी लागेल.

भारतीय हिमालयातील घाटरस्ते

भारतात हिमाच्छादित खिंडीतून वाहने नेण्याचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेचच उभा राहिला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी मेजर जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे ३,५२८ मीटर उंचीच्या झोजिला खिंडीत पोहोचले आणि लडाखचा मार्ग मोकळा झाला. त्यासाठी लष्करी अभियंत्यांनी बालटालपासूनची वाट आधी रुंद केली होती. रणगाड्याचा पट्टा पकड स्वतःबरोबरच घेऊन चालतो. त्यामागून रसद नेणाऱ्या चाकांच्या वाहनांना ती पकड वेगळी मिळवावी लागते.

७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटनेची स्थापना झाली आणि हिमालयातील रस्त्यांचे जाळे वाढू लागले. याच सुमारास देशात फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांची निर्मितीही रुजली. मुंबईत महिंद्र कंपनीने जीपची जोडणी स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू केली होती. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे 'शक्तिमान' ही लष्करी मालमोटार तयार होऊ लागली आणि पुढे कित्येक दशके सीमेवरील रसदीचा भार तिने वाहिला. तिच्यानंतर अशोक लेलँडची 'स्टॅलियन' आली. हिवाळ्यात झोजिला व रोहतांग या खिंडी कित्येक महिने बंद राहत. त्यामुळे उन्हाळ्यातच वर्षभराचा साठा पोहोचविण्याची पद्धत रूढ झाली.

अलीकडच्या काळात हे चित्र पालटले आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि त्याच वर्षी झोजिला बोगद्याच्या खोदकामालाही प्रारंभ झाला. खिंड टळली, तरी बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता उंचावरच राहतो आणि हिवाळ्यात तो बर्फाखाली जातो. शिवाय पूर्वी ज्या ऋतूत तेथे केवळ लष्कराची प्रशिक्षित वाहने फिरत, त्या ऋतूत आता पर्यटकांची खाजगी वाहने मोठ्या संख्येने जातात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक झालेल्या हिमवर्षावात सुमारे एक हजार वाहने अडकली होती. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे अशाच कोंडीत किमान २२ जणांना वाहनांतच प्राण गमवावे लागले. साचलेल्या बर्फामुळे धूर बाहेर पडू न शकल्याने बंद गाडीत विषारी वायू साठणे, हा अशा कोंडीतील मोठा धोका असतो.

या पार्श्वभूमीवर हिमाचल प्रदेश व काश्मीरमधील हिवाळी वाहतूक सूचनांचा शब्दप्रयोग पाहण्याजोगा आहे. तंगमर्ग–गुलमर्ग वा मनालीच्या वरील रस्त्यांवर बर्फ पडला की 'फोर-बाय-फोर वाहने किंवा साखळी लावलेली वाहने' यांनाच पुढे सोडले जाईल, अशा आशयाची सूचना वारंवार प्रसृत होते. या सूचनेमुळे सामान्य वाहनांना आळा बसतो, हा तिचा लाभ नाकारता येत नाही. तथापि, त्यातील 'किंवा' या अव्ययाने दोन भिन्न कार्ये करणारी साधने एकाच तागडीत घातली जातात. फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाच्या मालकाला आपल्याला साखळीची गरज नाही, असा अर्थ त्यातून सहज काढता येतो. अशा वाहनाचे टायर सपाटीवरील उन्हाळी वापराचे असतील, तर चढ चढून गेलेले तेच वाहन उतारावर इतरांसाठीही धोका ठरते.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. टायरची साखळी व फोर-व्हील ड्राइव्ह हे दोन्ही शोध विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, निरनिराळ्या गरजांतून जन्माला आले. फोर-व्हील ड्राइव्ह शक्तीची वाटणी करते, तर साखळी जमिनीवरील पकड वाढविते.

२. चढावर दोन्ही साधने उपयोगी पडतात. उतारावर थांबण्याच्या कामी फोर-व्हील ड्राइव्हचा आधार अत्यल्प आहे. घाटरस्त्यावरील खरा धोका उतारावर असल्याने हा भेद जीविताशी निगडित आहे.

३. कॅलिफोर्नियाचा आर-३ निर्बंध आणि जपानचा २०१८ चा नियम यांचा उगम भिन्न परिस्थितीत झाला. परंतु अत्यंत बिकट हिमवर्षावात साखळीला अपवाद नाही, या एकाच निर्णयापाशी दोघेही पोहोचले.

४. भारतीय हिमालयातील सूचनांत 'किंवा'ऐवजी पायरीवार नियम असावा. सौम्य हिमवर्षावात योग्य टायरसह फोर-व्हील ड्राइव्हला सवलत द्यावी, मात्र साखळी सोबत असणे बंधनकारक करावे. तीव्र हिमवर्षावात सर्वांनाच साखळी सक्तीची असावी. त्याचबरोबर चढ सुरू होण्यापूर्वी साखळी लावण्यासाठी सुरक्षित जागा आणि वाजवी दरात साखळी भाड्याने देणारी व बसवून देणारी केंद्रे स्थानिक तरुणांच्या साहाय्याने उभी करता येतील.

घाटातला रस्ता सामायिक असतो. त्यावर अडलेले एक वाहन रुग्णवाहिकेला, रसदीच्या मालमोटारीला आणि मागील शेकडो प्रवाशांना अडवून धरते. साखळी लावण्यात चालकाचा अर्धा तास जातो आणि त्याचा लाभ त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला होतो. म्हणून साखळीचा प्रश्न वाहनमालकाच्या ऐच्छिक निवडीपुरता मर्यादित न ठेवता सार्वजनिक रस्त्याच्या शिस्तीचा भाग मानणे, हेच इतिहासाच्या अनुभवाशी सुसंगत ठरते.